पीण्या ते तेर : अल्पपरिचित रोमन स्थळांविषयी एक संवाद

बंगळूरच्या वायव्येस यशवंतपूर येथे 1891 च्या सुमारास लोहमार्गाचे काम चालू असताना जमिनीतून एक मातीचे भांडे निघाले. त्यात ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस अशा इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे होऊन गेलेल्या रोमन सम्राटांची दीडशेहून अधिक चांदीची नाणी होती. पुढे 1965 मध्ये शहराच्या पूर्वेकडील एचएएल विमानतळाच्या परिसरात तशाच नाण्यांचा आणखी एक मोठा साठा सापडला आणि यशवंतपूरचा शोध हा निव्वळ योगायोग होता, असे म्हणण्याची सोय उरली नाही. यशवंतपुराच्या पलीकडे तुमकूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना 1970 च्या दशकात पीण्या औद्योगिक क्षेत्र वसले. लेथ, प्रेस, ओतकाम, उष्णता देऊन पोलाद कठीण करण्याच्या भट्ट्या आणि धातूवर मुलामा चढवणारे लहानलहान कारखाने यांनी ते भरून गेले असून, मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील ‘पीण्या इंडस्ट्री’ या स्थानकापासून यशवंतपूर हे तिसरेच स्थानक आहे.

रोमन अवशेष पाहण्यासाठी निघणाऱ्या मराठी प्रवाशाच्या मनात कोलोसियम आणि पाँपेई ही नावे आधी येतात. गर्दी टाळून थोडे वेगळे पाहण्याची हौस असलेला प्रवासी ओस्तिया किंवा पेस्तुम यांचाही विचार करतो. यशवंतपूर, चित्रदुर्गाजवळची चंद्रवळ्ळी, कोल्हापूरची ब्रह्मपुरी किंवा धाराशिव जिल्ह्यातील तेर ही नावे मात्र अशा यादीत येत नाहीत. ती यावीत की नाही, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे गांभीर्याने घेण्याजोगी असल्यामुळे ती येथे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी दिली आहेत. त्यांपैकी मामा हे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम शिकून पुढे पीण्याच्या दुसऱ्या टप्प्यात डाय आणि साचे बनवणारी टूलरूम उभी केलेले कारखानदार आहेत, तर भाची पुण्यात पुरातत्त्वशास्त्राचा अभ्यास करते. दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, हा त्यांच्यातील तात्कालिक विषय आहे.

मामा : “अगं, प्रवासाला जायचे ते काहीतरी डोळ्यांनी पाहण्यासाठी. ओस्तिया हे टायबर नदीच्या मुखावरचे रोमचे बंदर. नदीच्या गाळाने समुद्र मागे हटला म्हणून ते आज किनाऱ्यापासून आत पडले आहे, आणि कोलोसियमपुढच्या गर्दीच्या मानाने तिथे फार थोडी माणसे फिरकतात. पण तिथे भट्टीवाल्यांच्या पिठाच्या गिरण्यांत काळ्या ज्वालामुखी दगडाची मोठाली जाती जागच्या जागी उभी आहेत, कापड धुऊन तुडवण्याच्या कारखान्यातले हौद शाबूत आहेत, आणि नाट्यगृहामागच्या चौकात व्यापारी मंडळांच्या कचेऱ्यांची रांग आहे, जिथे दारापुढच्या जमिनीत काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांनी मंडळाचे नाव आणि खूण बसवलेली दिसते. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथा शहराच्या व्यापाऱ्यांनी तर आपल्या कचेरीपुढे हत्ती काढून घेतला आहे. ज्याचे आयुष्य कारखान्यात गेले, त्याला यापेक्षा जवळचे दुसरे काय वाटणार? यशवंतपुरात काय दिसणार, तर रूळ, फलाट आणि मालगाड्या.”

भाची : “यशवंतपूरबद्दल तुमचे म्हणणे मान्यच करावे लागेल, मामा. पुरातत्त्वात वस्तीचे स्थळ आणि साठा सापडल्याचे ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. वस्तीच्या स्थळावर घरे, चुली, विहिरी, कचरा असे थरावर थर असतात आणि त्यांवरून तिथल्या जगण्याचा क्रम लावता येतो. साठा मात्र कुणीतरी भीतीपोटी किंवा बचत म्हणून कुठेही पुरलेला असतो आणि तो उचलला की मागे केवळ खड्डा राहतो. तेव्हा यशवंतपूरला जायचे ते तिथले काही पाहायला नव्हे. पुढच्या प्रवासात जे पाहायचे, त्याचे पहिले टोक तिथे आहे एवढेच.”

मामा : “टोक कशाचे?”

भाची : “नाण्यापासून सुरू करू, कारण ते तुमच्या धंद्यातले आहे. या चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. भारतात सापडलेल्या साठ्यांत त्याचे दोन प्रकार पुन्हापुन्हा येतात. पहिल्यावर एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले ऑगस्टसचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला त्याचे दत्तक घेतलेले दोन नातू, गायस आणि लुसियस, ढालीभाल्यांसह उभे असतात. दुसऱ्यावर टायबेरियसचे मस्तक आणि मागे आसनावर बसलेली, एका हातात राजदंड आणि दुसऱ्या हातात डहाळी धरलेली स्त्री. यांपैकी बरीचशी नाणी आजच्या फ्रान्समधील लिओं येथील टांकसाळीत पाडलेली. व्यास पाऊण इंचाच्या आत-बाहेर, वजन पावणेचार ते चार ग्रॅमच्या दरम्यान.”

मामा : “ठोकून पाडलेली की ओतलेली?”

भाची : “ठोकून. खालचा डाय ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये तापवलेली चांदीची चकती आणि वरून घणाचा घाव. डाय हाताने कोरलेले असल्यामुळे कोणतेही दोन तंतोतंत सारखे नसत, आणि वरचा डाय हातातला असल्यामुळे चित्र अनेकदा एका कडेला सरकलेले दिसते.”

मामा : “म्हणजे अलाइनमेंटला कुणी विचारत नव्हते, वजन तेवढे नेमके हवे.”

येथे मामांनी सहज काढलेले अनुमान प्राचीन ग्रंथांच्या साक्षीशी जुळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिणाऱ्या प्लिनी या रोमन लेखकाने श्रीलंकेच्या राजाविषयी एक हकीकत नोंदवली आहे. वादळाने भरकटून त्या बेटावर पोहोचलेल्या एका रोमन मुक्तदासाजवळ, म्हणजे दास्यातून सुटलेल्या माणसाजवळ, सापडलेली देनारियस नाणी राजाने पाहिली तेव्हा त्यांवरील चित्रे वेगवेगळ्या व्यक्तींची असूनही वजन मात्र सारखेच असल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यावरून या लोकांचा व्यवहार सचोटीचा असावा असे त्याने मानले. कथेत रोमन अभिमानाची भर किती, हे ठरवणे कठीण असले, तरी परदेशी नाणे हाती येताच माणूस प्रथम काय करतो, एवढे तीत खरे उतरले आहे : तो चेहरा पाहत नाही, तराजू मागवतो.

भाची : “तराजूचा परिणाम साठ्यांतही दिसतो. निरो या सम्राटाने इसवी सन 64 मध्ये नाणेपद्धती बदलली. तोवर एका रोमन पौंडातून 84 देनारियस पाडत, ते त्याने 96 केले आणि चांदीची शुद्धताही खाली आणली. त्यानंतरची देनारियस नाणी भारतात अगदी थोडी सापडतात. व्यापारी मात्र येतच होते, फक्त येताना ते जुनी, पूर्ण वजनाची नाणी निवडून आणत होते, कारण इथला घेणारा नव्या नाण्याला जुन्याचा भाव देत नव्हता. म्हणून नाण्यावरचा सम्राट कोण, एवढ्यावरून भांडे केव्हा पुरले हे ठरवता येत नाही. क्लॉडियसचे नाणे त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही बंगळूरला पोहोचलेले असू शकते.”

मामा : “हे पटण्यासारखे आहे. पीण्यातसुद्धा मटेरियलचे सर्टिफिकेट आले तरी माल आत घेताना तुकडा तपासायला पाठवतातच. आत तांबे आणि वर चांदी, असला माल नव्हता काय त्या काळी?”

भाची : “होता. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा गुंडाळून, दोन डायमध्ये ठोकून बनवलेली नाणी रोमन जगात पुष्कळ होती, आणि त्यांच्या संशयामुळेच नाण्यावर छिन्नीचा घाव घालून आतला रंग पाहत. भारतात मिळालेल्या कित्येक रोमन नाण्यांवर असे घाव आहेत. विशेष म्हणजे सोन्याच्या काही नाण्यांवर घाव नेमका सम्राटाच्या चेहऱ्यावर आहे. त्यामागे केवळ धातूची तपासणी होती की हे नाणे आता चलन नाही, निव्वळ सोने आहे असे जाहीर करण्याची ती रीत होती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.”

मामा : “हे सगळे पुस्तकात वाचून कळले, स्थळावर उभे राहून कळले नाही. प्रवासाचा प्रश्न तिथेच राहिला.”

मामांचा हा आक्षेप सर्वांत बळकट आहे. अल्पपरिचित स्थळांविषयी लिहिणारे लेखक तो बहुधा टाळतात, आणि वाचकाला एखाद्या उजाड टेकाडावर नेऊन तिथे नसलेले वैभव शब्दांनी उभे करतात. भाचीचे उत्तर त्या वाटेने जात नाही. तिचा भर एकेका ठिकाणापेक्षा त्यांच्या क्रमावर आहे. बंगळूरहून निघून तुमकूर, चित्रदुर्ग, हावेरी, हुबळी, बेळगाव या मार्गाने कोल्हापूरला येणारा सहाशे किलोमीटरच्या आसपासचा महामार्ग पीण्यातील प्रत्येक मराठी कुटुंबाला सुट्टीत गावी जाण्याची वाट म्हणून पाठ असतो. त्याच वाटेवर थोडे थांबत गेले, तर रोमकडून आलेल्या वस्तूंचे रूप दर मुक्कामाला पालटत जाताना दिसते, असे तिचे म्हणणे आहे.

भाची : “चित्रदुर्गाचा किल्ला सगळे पाहतात, त्याच्या पश्चिमेला डोंगरांच्या कुशीत चंद्रवळ्ळी आहे. तिथे एम. एच. कृष्ण यांनी 1929 च्या सुमारास आणि मॉर्टिमर व्हीलर यांनी 1947 मध्ये उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीच्या थरांत ऑगस्टस आणि टायबेरियसचे देनारियस मिळाले, शिवाय आतल्या तळावर दातेरी चाकाने बारीक टिंबांची वर्तुळे उठवलेली गुळगुळीत ताटे, ज्यांना चक्रांकित मृत्पात्रे म्हणतात, तीही सापडली. म्हणजे इथे रोमन नाणे खड्ड्यात पुरलेले नाही, ते घरांच्या, भांड्यांच्या, इथल्या राजांच्या नाण्यांच्या सोबतीने आहे. कदंब राजा मयूरशर्मन् याचा तलावाविषयीचा शिलालेखही याच दरीत आहे. यशवंतपुरात जे पाहता येत नाही ते इथे पाहता येते : पाणी, आडोसा आणि डोंगरातून जाणारी वाट, म्हणजे एखादी वस्ती दूरच्या व्यापाराशी का जोडली जाते याची कारणे.”

मामा : “आणि कोल्हापूर?”

भाची : “कोल्हापूरला पोहोचेपर्यंत चांदी जवळपास नाहीशी होते. हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. रोमन नाण्यांचे मोठे साठे तमिळनाडूत, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला, केरळात, आंध्रात आणि इथे बंगळूरला मिळतात; महाराष्ट्रात ते फारच तुरळक. वास्तविक कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे महाराष्ट्रातली, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत त्यांची नावे आहेत. तरीही साठे तुरळक असण्याचे एक मान्य होत आलेले स्पष्टीकरण असे की, सातवाहन आणि क्षत्रप राजांची स्वतःची नाणी होती आणि बाहेरून आलेली चांदी वितळवली जाई. दक्षिणेत मात्र चांदीचे तसे चलन पुरेसे नसल्यामुळे रोमन नाणे आहे तसेच जपले गेले.”

मामा : “म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची टांकसाळ, त्याला परक्याचे नाणे म्हणजे कच्चा माल.”

भाची : “बरोबर. म्हणून कोल्हापूरला नाण्याऐवजी काशाच्या वस्तू भेटतात. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात 1944 च्या सुमारास त्यांचा साठा मिळाला, आणि लगोलग 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची हातात मावेल एवढी मूर्ती आहे, भूमध्य समुद्राकडच्या घडणीच्या सुरया आणि आरसे आहेत, आणि त्याच साठ्यातला, पाठीवर माणसे बसलेला काशाचा हत्ती आहे, जो घडणीवरून स्पष्टपणे इथला आहे.”

मामा : “कोल्हापुरातल्या शाळेची सहल टाऊन हॉलला जातेच, पण मुलांना तिथली तोफ आवडते, हा एवढासा पुतळा कुणी दाखवत नाही. तरीही एक शंका आहे. देशी हत्ती, परदेशी सुरई, आरसे, मूर्ती हे सगळे एका ठिकाणी, एकत्र ठेवलेले. उद्यमनगरात ओतकामाच्या दारात जो ढीग असतो तो असाच असतो. धातू एक, बाकी कशाचा कशाला मेळ नाही. तो एखाद्या तांबटाचा मोडीचा माल नसेल कशावरून?”

भाची : “ती शक्यता नाकारता येत नाही, आणि तसे असेल तर साठ्याचे महत्त्व कमी होत नाही. एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात मांडलेली रोमन मूर्ती हे चित्र अधिक देखणे आहे, पण समुद्रापार बनलेली देवता कोल्हापूरच्या कारागिराच्या तराजूत किलोवर तोलली जात होती, हे चित्र व्यापाराबद्दल अधिक सांगते. मात्र, मामा, त्या मूर्तीची एक गोष्ट जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. ती इतकी लहान असूनही शरीराचा भार एका पायावर टाकून उभी आहे, दुसरा गुडघा सैल आहे, आणि त्यामुळे कंबर आणि खांदे उलट दिशांना कललेले आहेत. शेजारच्या हत्तीवरची माणसे निराळ्याच पद्धतीने रचलेली, एकमेकांना चिकटून, सरळ रेषेत आहेत. दोन कारागिरांच्या माणसाच्या देहाकडे पाहण्याच्या दोन वेगळ्या शिस्ती एकाच कपाटात दिसतात, आणि ओस्तियाला ही तुलना मिळणार नाही.”

मामा : “तरीही याला रोमन स्थळ म्हणणे पटत नाही. ब्रह्मपुरी ही कोल्हापूरची. चंद्रवळ्ळी सातवाहनांची. पीण्यातल्या कारखान्यात जर्मन मशीन असले म्हणून पीण्या जर्मन होत नाही.”

या ठिकाणी भाची आपली बाजू सावरून धरत नाही, आणि तसे करणे अभ्यासाच्या दृष्टीने योग्यच आहे. पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे 1945 मध्ये व्हीलर यांनी केलेल्या उत्खननानंतर त्या ठिकाणाला रोमन व्यापारी ठाणे म्हणण्याची प्रथा रूढ झाली होती. पुढे विमला बेग्ली यांनी तेथील थर आणि भांडी पुन्हा अभ्यासून रोमन माल येण्याच्या आधीपासून आणि तो थांबल्यानंतरही ती वस्ती नांदती होती, असे दाखवले. महाराष्ट्रातील पुरावाही असाच गाळून घ्यावा लागला आहे. तेल आणि मद्य वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, निमुळत्या बुडाच्या आणि दोन कानांच्या रोमन रांजणाला अँफोरा म्हणतात, आणि दख्खनच्या अनेक उत्खननांच्या जुन्या अहवालांत अशा रांजणांची खापरे मिळाल्याच्या नोंदी आहेत. रोबर्टा टोंबर यांनी ही खापरे पुन्हा तपासली तेव्हा त्यांतील कित्येक खापरे रोमन नसून आजच्या इराककडील, आतून काळ्या डांबराचा लेप दिलेल्या आणि पुष्कळदा नंतरच्या काळातील रांजणांची असल्याचे निष्पन्न झाले. व्हेसुव्हियसच्या परिसरातील अँफोराच्या मातीत ज्वालामुखीची काळी, चमकदार वाळू मिसळलेली दिसते. भिंगाखाली खापराची ताजी कड पाहिली की हा फरक कळतो. संग्रहालयातील जुन्या चिठ्ठीवर ‘रोमन’ असे लिहिले आहे एवढ्यावर प्रवाशाने विसंबू नये.

भाची : “म्हणून ‘रोमन स्थळ’ हा शब्द सोडून देऊ. या प्रवासात पाहायचा तो रोमशी देवघेव करणारा दख्खन. आणि ते मान्य केले की तेरला जावेच लागते.”

मामा : “तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचे गाव.”

भाची : “तेच. धाराशिवहून वीसेक किलोमीटर, तेरणेच्या काठी. पेरिप्लसमध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे शहर सांगितले आहे, तिथे आसपासचा माल गोळा होऊन पुढे भडोच बंदराला गाड्यांतून जाई. ते तगर म्हणजे तेर. कळसावर कळस चढवलेली मंदिरे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना तिथले त्रिविक्रमाचे देऊळ प्रथम चमत्कारिक वाटते, कारण त्याचा मूळ भाग विटांचा, मागून गोलाकार आणि वर गजपृष्ठासारखे छत असलेला, म्हणजे प्राचीन चैत्यगृहाच्या आकाराचा आहे. आणि गावातच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. पावसाळ्यानंतर टेकाडे धुऊन निघाली की मणी, खापरे, मातीच्या मूर्ती उघड्या पडत; त्या मोलाच्या आहेत हे या व्यापारी गृहस्थांना कोणत्याही विद्यापीठाच्या आधी कळले. तेरबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग त्यांच्या चिकाटीवर उभा आहे.”

मामा : “तिथे रोमचे काय आहे?”

भाची : “मातीची नाणी. टायबेरियसच्या नाण्याचा ठसा मातीत घेऊन, भाजून, गळ्यात अडकवता येतील अशी पदके केली आहेत. अभ्यासक त्यांना बुला म्हणतात आणि तेलंगणातल्या कोंडापूरलाही ती मिळाली आहेत. सम्राटाचे नाक आणि हनुवटी ओळखू येते, पण भोवतालच्या लॅटिन अक्षरांच्या जागी अनेकदा नुसत्या रेघा उरतात. यशवंतपूरला ज्या वस्तूची किंमत तिच्या चांदीत होती, तिची किंमत तेरला पोहोचेपर्यंत पूर्णपणे तिच्या चित्रात आली. चांदी वितळली, चेहरा राहिला. शिवाय तेरला पांढऱ्या मऊ मातीच्या, आतून पोकळ मूर्ती मिळतात. पुढचा आणि मागचा असे दोन वेगळे साचे घेऊन, दोन्ही अर्ध्या भागांची कड ओली असतानाच जोडून त्या बनवल्या आहेत, आणि हे दुहेरी साच्याचे तंत्र भूमध्य समुद्राकडून इथे आले असावे, असे पुष्कळांचे मत आहे.”

मामांचे कुतूहल या तपशिलाने जागे झाले, यात नवल नाही, कारण दोन अर्ध्या भागांच्या साच्यात जोडाची रेघ कुठे टाकायची हा टूलरूमचा रोजचा प्रश्न आहे. ती रेघ मूर्तीच्या चेहऱ्यावर येऊ नये, कानामागून खाली खांद्यावर उतरावी आणि तिथून हाताच्या कडेने जावी, म्हणजे जोड साफ करताना नाकडोळ्यांना धक्का लागत नाही. तेरच्या मूर्तींत ती डोक्याच्या आणि देहाच्या दोन्ही कडांनी उतरते. तेव्हा तंत्र बाहेरून आले असले, तरी ते वापरणाऱ्याला काम समजले होते, हे मामांनी स्वतःहून कबूल केले.

मामा : “पण त्या ओस्तियाच्या चौकात एक माणूस दोन तास हिंडला तरी त्याला काही ना काही समजते. इथे आधी चार पुस्तके वाच, मग भिंग घेऊन जा, मग कपाटापुढे उभा राहा. साधा प्रवासी हे करील काय? आणि जाऊन पाहावे तर टेकाडावर घरे, शेत, कधी नुसता उकिरडा. रोममध्ये मोंते तेस्ताच्चो नावाची आख्खी टेकडी फुटक्या तेलाच्या रांजणांची आहे, पस्तीस मीटर उंच; स्पेनमधून तेल येई, रांजण रिकामा झाला की फोडून रचून ठेवत. पाच कोटींच्या वर रांजण असावेत असा अंदाज आहे. पाठवणाऱ्याचे नाव, वजन, तपासणाऱ्याची नोंद खापरावर शाईने लिहिलेली आहे. कचऱ्याची टेकडी त्यांनी जपून ठेवली. इथे शहर सापडले तरी जपले जात नाही.”

भाची : “हे खरे आहे, आणि त्याचे समर्थन होणार नाही. टेकाडावर घर बांधणाऱ्या कुटुंबाला दोष देता येत नाही, पण टेकाड खणून विटा आणि पांढरी माती नेणे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि प्रत्येक खेपेला काही पाने कायमची फाटतात. तरीही, माणसे जात नाहीत म्हणून जपले जात नाही आणि जपले जात नाही म्हणून माणसे जात नाहीत, या फेऱ्यात कुठेतरी कुणीतरी आधी जायला हवे. फक्त जाणाऱ्याने खापर उचलून खिशात टाकू नये. कुणी नाणे विकायला आणले तर घेऊ नये. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे आणि पुरावस्तूंच्या व्यवहारावर 1972 च्या कायद्याचे निर्बंध आहेत.”

मामा : “आणि विकायला आणलेले बहुतेक खोटेच असणार. पीण्यातल्या कुठल्याही चांगल्या टूलरूमला टायबेरियसचा डाय कोरणे म्हणजे दोन दिवसांचे काम आहे. मशीन चित्र मोजून घेते आणि जसेच्या तसे कापते. पण सगळे नग एकाच साच्यातले, एकाच जागी झिजलेले निघाले की समजायचे. जुन्या माणसाचा हात दर वेळी वेगळा पडतो.”

या टप्प्यावर दोघांतील अंतर पुष्कळ कमी झाले असले, तरी ते मिटलेले नाही. भाचीने पाँपेईच्या हस्तिदंती मूर्तीचा उल्लेख केला तेव्हा ते पुन्हा उघडे झाले. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईतील एका घरात 1938 मध्ये आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना लहान दासी असलेली भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर येथे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडल्या आहेत. व्यापाराची वाट दोन्हीकडून चालत होती, याचा याहून स्पष्ट पुरावा विरळा.

मामा : “मग झाले की! ती पाहायची तर इटलीलाच जावे लागणार. आणि आधी इटलीलाच जावे, कारण मूळ नाणे, मूळ मूर्ती, मूळ कारखाना पाहिला नाही तर तेरची नक्कल कशाची आहे हेच कळणार नाही. मास्टर पीस पाहिल्याशिवाय जॉब तपासता येत नाही.”

भाची : “तेरच्या कारागिराने कुठे मूळ कारखाना पाहिला होता, मामा? त्याच्यापुढे फक्त एक नाणे होते, कदाचित तेही झिजलेले, आणि त्यावरची अक्षरे त्याला वाचता येत नव्हती. ओस्तिया पाहून तेरला गेले तर चुका दिसतील : इथे अक्षर गेले, इथे मुकुट बिघडला. आधी तेरला गेले तर त्याने काय ठेवले आणि काय टाकले ते दिसेल, आणि अक्षरे टाकून चेहरा का ठेवला, हा प्रश्न पडेल.”

मामा : “आणि तो प्रश्न घेऊन नेपल्सला गेले तर?”

भाची : “तर त्या हस्तिदंती मूर्तीपुढे उभे राहून उलटा प्रश्न विचारता येईल. पाँपेईच्या त्या घरातल्या माणसाला ती कोण आहे हे ठाऊक नसणार. त्याने तिच्यात काय पाहिले, आणि काय सोडून दिले?”

मामांनी यावर इटलीचा बेत रद्द केला नाही. तो पुढच्या वर्षीच्या मे महिन्यावर ढकलला आणि ओस्तियाला एक दिवस पुरणार नाही, निदान दोन हवेत, अशी अटही घातली. दिवाळीसाठी मात्र महामार्ग ठरला : पहाटे पीण्याहून निघून दुपारपर्यंत चंद्रवळ्ळी, रात्री हुबळी, दुसऱ्या दिवशी कोल्हापूर, तिथून सोलापूरमार्गे तेर. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार कोल्हापुरात किंवा तेरला न येता गाडीत जावा, या हिशेबाने निघण्याचा वार निश्चित करण्याचे काम भाचीकडे आले, आणि दुहेरी साच्याची जोडरेघ नीट पाहता यावी म्हणून टूलरूममधले दहापट मोठे दाखवणारे भिंग सोबत घेण्याचे मामांनी कबूल केले.